रिकाम्या मिक्सरचा आवाज

खालच्या दोन्ही अक्कलदाढा ठकीच्या जबड्यात आडव्या झोपल्या होत्या आणि शेजारच्या दाढांना ढुशा देत होत्या. ठणका कानापर्यंत चढायचा. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपात ती वेल्डर होती. वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर घ्यायला मानेला झटका द्यावा लागतो. तो दिला की हिरडीत कुणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

"तिशी उलटल्यावर अक्कल यायला लागली, आणि ती पण आडवी!" वर्कशॉपचे मालक म्हणाले. त्यांना सगळे काकाच म्हणत. "काढून टाक बाई. तिच्यावाचून इतकी वर्षं आमचं काय अडलं?"

ठकी हसायला गेली आणि कळवळून खाली बसली. काकांनीच मग तिच्या भावाला फोन लावला.

ठकी हे नाव दादाचंच. बाबा घरात शिरले की लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून ठकी. बाबांचा हात सुटलेला असायचा. पट्टा, चप्पल, हाताला येईल ते. आई दुसऱ्या खोलीत भांडी आवरत बसायची. ठकीला मागे ओढून पुढे उभा राहायचा तो दादा. एकदा बाबांनी भिरकावलेला पेला त्याच्या भुवईवर फुटला, तेव्हा रक्त पुसत तो तिला म्हणाला होता, "तुला नाही ना लागलं?" आईबाबा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. ठकीला माहेर म्हणायला दादाचं घर तेवढं होतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधून त्यानं किती म्हाताऱ्या, किती गरोदर बायका बाहेर काढल्या असतील, त्याला गणती नाही. आत कोंडलेल्या माणसाशी तो फटीतून बोलत राहायचा, गाणं म्हणायला लावायचा. त्याच्या इमारतीत तर लोक त्याला डोक्यावर घ्यायचे.

दाताच्या दवाखान्यात तोच तिला घेऊन गेला. डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, पण त्यांची मनगटं लोहाराची. "दुखणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आवाज येईल. आवाज ऐकायचा नाही."

आवाज कसा ऐकायचा नाही? तो बाहेरून येतच नव्हता. हिरडी चिरली, हाड कोरलं, जळक्या हाडाचा वास ठकीच्या नाकात भरला. मग एक छोटी पहार दाढेच्या फटीत घुसली. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीच्या पायाला पाऊल रोवलं आणि खांद्यातून जोर लावला. कवटीच्या आत कडाड वाजलं. दाढ तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुसऱ्या बाजूला बधिरपणा नीट चढला नव्हता. पहार आत गेली तशी ठकी खुर्चीतून उसळली, तिचा पाय ट्रेवर बसला, सगळी हत्यारं खणखणत फरशीवर गेली. पुन्हा सुई, पुन्हा पहार, शेवटी टाके. लोखंडाशी खेळणाऱ्या ठकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

कापसाचे बोळे चावत ती बाहेर आली. दादा ताडकन उठला. तिची सुजलेली हनुवटी आणि ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त बघून त्याचेच डोळे भरून आले.

"माझ्याच घरी चल. त्या वर्कशॉपच्या माळ्यावर तुला कोण बघणार? वहिनी करेल सगळं."

ठकीनं मान हलवली. बोलायचं नव्हतं. गार आणि पातळ खायचं, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तोंड फारसं उघडायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तसंही ते उघडतच नव्हतं. दातखीळ बसल्यासारखे जबडे घट्ट मिटले होते, मधून चमचा जेमतेम जायचा.

वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची. तिनं रजा काढली होती. पांघरूण घातलेली खाट, उशाशी टॉवेल, बर्फाची पिशवी, गोळ्यांच्या वेळा, सगळं जागच्या जागी. पण बोलणं मोजकं. "घे." "झोप." "दुखतंय?" ठकीला ते नवं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी वहिनी कधी तिच्याशी मोकळेपणानं बोलली नव्हती. ठकी सुटीच्या दिवशी जेवायला यायची, दादाशी पोट दुखेपर्यंत हसायची. वहिनी वाढायची आणि आत जायची. शिष्ट आहे, ठकीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. एवढ्या लाख माणसाच्या पदरात पडली, तरी तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं.

दादा मात्र दर तासाला फोन करायचा. संध्याकाळी आईस्क्रीम घेऊन आला, स्वतः चमच्यानं भरवलं. "ठके, तुझं तोंड बंद म्हणजे घरात काय शांतता आहे गं!" ती घशातून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात इतकी घाण चव आली की ठकीला राहवलं नाही. वहिनी दूध आणायला गेली होती. ठकी न्हाणीघरात गेली आणि सांगितलेलं सगळं विसरून खळखळून चूळ भरली. जरा बरं वाटलं. ती येऊन आडवी झाली आणि गोळीच्या गुंगीत तिचा डोळा लागला.

दुपारी दादा जेवायला घरी आला. त्याच्या ओरडण्यानं तिला जाग आली.

"हे काय आहे?"

उशी लाल झाली होती. खपली निघाली असणार. झोपेत रक्त गळत राहिलं होतं, गालाखाली ओलं लागत होतं. दादा खाटेशी उभा होता आणि वहिनी दारात.

"काय दिलंस तिला खायला? गरम दिलंस? तोंडात काय घातलंस तिच्या?"

"अहो, मी गारच—"

"माझी बहीण रक्तात झोपलीय आणि तुला पत्ता नाही! दिवसभर काय झोपा काढतेस?"

ठकीनं हात हलवला. मी केलं, मीच चूळ भरली, असं तिला सांगायचं होतं. आवाज निघाला तो नुसता "अंऽऽ". दादानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "तू पडून राहा, राणी. मी सूप करून आणतो." मग तो वळला आणि वहिनीच्या वेणीला मुळाशी धरून, भाजीची पिशवी उचलावी तितक्या सहज, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. दार लागलं.

ठकी उठून बसली. आपण काय पाहिलं, ते तिला क्षणभर कळेचना.

आत मिक्सर सुरू झाला.

ठकीचं आयुष्य यंत्रांत गेलं होतं. ग्राइंडर लोखंडाला टेकला की त्याचा आवाज जाड होतो, उचलला की तो किंचाळतो. हा मिक्सर किंचाळत होता. भांड्यात काहीच नव्हतं. तो थांबत नव्हता आणि त्याच्या किंचाळण्याखाली दुसरा एक आवाज होता. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा. मधे थांबून पुन्हा. तोंडातून आवाज निघू न देणाऱ्या माणसाचा श्वासही होता, नाकातून फुटणारा. तो ठकीला चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी तिचाही असाच फुटायचा.

खाटेवरून स्वयंपाकघरापर्यंत जाताना तिला दोनदा भिंत धरावी लागली. तिनं दार ढकललं.

वहिनी ओट्याखाली गुडघ्यांवर होती. दादानं तिचं डोकं केसांनी वर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं तो मारत होता, केसांत, मानेवर, पाठीवर. दिसणार नाही तिथं. चेहऱ्याला एकदाही हात लावत नव्हता. त्याचा चेहराही रागानं वेडावाकडा झालेला नव्हता. अडलेला बोल्ट काढताना असतो तसाच होता, दात घट्ट आवळून कामात गढलेला. वहिनीच्या विस्कटलेल्या केसांत एका जागी केसच नव्हते. तिथली कातडी जुनी, गुळगुळीत दिसत होती. ते आजचं नव्हतं.

"ठके, जा तू." त्यानं मिक्सर बंद केला. "घरातलं आहे."

ठकी मध्ये घुसली. त्यानं तिला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. ती परत घुसली. "अगं, तुला लागेल," तो म्हणाला, आणि तिला पुन्हा बाजूला ठेवून त्यानं वहिनीच्या बरगडीत लाथ घातली. वहिनी फरशीवर आडवी झाली, तरी तिच्या तोंडून हूं की चूं नाही.

ठकीनं मिक्सरचं स्टीलचं भांडं उपसलं आणि दादाच्या खांद्यावर हाणलं.

तो वळला आणि वळतानाच त्याचा हात आला. तिला मारायचं त्याच्या मनात असेल नसेल, हात मात्र आला, उलटा, पूर्ण ताकदीनं, थेट सुजलेल्या जबड्यावर. ठकीच्या डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणगीसारखं पांढरं झालं. टाके उसवल्याचं तिला स्वतःला ऐकू आलं. ती फ्रिजवर आदळून खाली बसली. तोंडात गरम, खारट लोट आला आणि बंद जबड्यांच्या फटीतून छातीवर सांडला.

"ठके!" दादा गुडघ्यांवर आला. "लागलं? देवा, काय केलं मी? बघू, बघू..." तो रडत होता. ओक्साबोक्शी रडत होता. ठकी ते रडणं ऐकत राहिली. बाबा असेच रडायचे. मारून झाल्यावर, पोरांना कुशीत घेऊन, अगदी असेच हुंदके देत. आवाजसुद्धा तोच.

मग त्यानं मान वळवली. "हे तुझ्यामुळे झालं," तो वहिनीला म्हणाला.

वहिनी ओट्याला धरून कशीबशी उठली होती. तो उठला, डाव्या हातानं तिचा गळा धरून त्यानं तिला भिंतीला टेकवलं, आणि उजवा हात आधाराला ओट्यावर रोवला. वहिनीच्या टाचा वर आल्या. तिचे डोळे मोठे होत गेले. ती दादाकडे बघतच नव्हती. ती ठकीकडे बघत होती.

ठकी उठली. मिक्सरचं मशीन जड होतं, बुडाशी मोटर. तिनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. वायर खेचली जाऊन प्लग भिंतीतून निघाला. आणि तिनं ते ओट्यावरच्या त्या हातावर, मनगटावर, आणलं. घण मारतात तसं, कमरेतून.

कडाड झालं. गुरासारखा ओरडत दादा खाली बसला. मनगट भलत्याच ठिकाणी वाकलं होतं. तिनं मशीन पुन्हा उचललं. दादा तिच्याकडे बघत सरपटत मागे सरकला आणि भिंतीला लागल्यावर त्यानं दुसरा हात डोक्यावर धरला.

तो हात बघून ठकी थांबली. मशीन तिनं हातातून टाकलं नाही, खाली ठेवलं.

"चल," वहिनी म्हणाली. घोगरा, फाटका आवाज. "चल, ठके. आत्ता."

जिन्यात त्या दोघी अनवाणी उतरत होत्या. ठकीचा कुडता गळ्यापासून लाल झालेला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि तोंडावर हात घेतला. "अगं बाई! अपघात झाला का? दादांना हाक मारू?"

आजवर वहिनी यावर काहीतरी पुटपुटून निघून गेली असती. आज ती थांबली. "त्यांनीच मारलंय," ती म्हणाली. "मला रोजचंच आहे. आज हिलाही."

"दादांनी? काहीतरीच काय! ते तर—" बाईंचं वाक्य तिथंच अडलं. वहिनीच्या गळ्यावर बोटं उठली होती, एकेक मोजता येईल अशी. बाई आत गेल्या. आता दार लागणार, ठकीला वाटलं. पण त्या परत आल्या, हातात चपलांचे दोन जोड आणि एक टॉवेल. वाकून त्यांनी चपला दोघींच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी टाके पुन्हा घातले. या वेळी ठकी उसळली नाही. "हा पडून लागलेला मार नव्हे," त्या म्हणाल्या, आणि विचारल्यासारखं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं सांगितलं. ठकीला बोलता येत नव्हतं, म्हणून पोलीस चौकीतही वहिनीच बोलली. तिथला हवालदार आधी कंटाळलेला होता. "नवराबायकोचं भांडण आहे, बाई. घरात मिटवा," तो म्हणाला. वहिनीनं टेबलावर मान वाकवली आणि केस बाजूला केले. ती टाळू बघून हवालदारानं पेनचं टोपण काढलं.

दोघी वर्कशॉपच्या माळ्यावर राहायला आल्या. काकांनी एक गादी वर पाठवली आणि सगळ्या पोरांना दम भरला, "शिट्ट्या वाजवायच्या नाहीत, शिव्या हळू आवाजात द्यायच्या."

ठकीचा जबडा चिघळला. एका बाजूच्या खड्ड्यात पू झाला, तोंडाला असा वास यायचा की तिलाच मळमळायचं. ताप चढला. वहिनी तिला टेकवून बसवायची, गोळ्या कुटून केळ्यात कालवायची. तिच्या स्वतःच्या दोन बरगड्यांना चीर गेली होती. वाकताना ती श्वास रोखून धरायची. दोघी दुखऱ्या, एकमेकींना उठवबस करायच्या.

एका दुपारी चमचा तोंडाशी धरून वहिनी अचानक म्हणाली, "सहा वर्षं तू जेवायला यायचीस. हात धुवायचीस आणि जायचीस."

ठकीनं तोंड मिटलं.

"तू गेलीस की सुरू व्हायचं. माझ्या बहिणीला हसून वाढलं नाहीस. माझ्या बहिणीशी नीट बोलली नाहीस. तू यायची म्हटलं की मला आदल्या दिवसापासून जुलाब लागायचे." तिनं चमचा पुन्हा ठकीच्या ओठांशी आणला. "तुझा काही दोष नाही, माहितीये. पण मला तुझा राग यायचा. अजून येतो. घे, गिळ."

ठकीनं गिळलं. डोळ्यांतलं पाणी गालावरून जखमेपर्यंत गेलं आणि झोंबलं. वहिनीनं ते टॉवेलनं टिपलं, जरा जोरातच.

पुढच्या आठवड्यात दादा आला. हात प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली. पोलिसांनी त्याला एक रात्र बसवून सोडलं होतं. भर सकाळी, सगळ्या वर्कशॉपसमोर, तो ठकीपुढे हात जोडायला गेला. प्लास्टरमुळे तेही धड जमेना.

"ठके, चुकलं माझं. तिला समजाव. तक्रार मागे घ्यायला सांग. माझी नोकरी जाईल गं."

ठकी अर्ध्या झालेल्या गेटपाशी उभी होती. तोंड आता दोन बोटं उघडत होतं. शब्द निघत होते, बोबडे.

"नाही, दादा."

"बाबांच्या पट्ट्यापुढे मी उभा राहिलो तुझ्यासाठी. ही खूण बघ. तुझ्यासाठी!"

"माहितीये." तिला दम लागला. "तुझ्या मागे मी होते. वहिनीच्या पुढे कुणीच नव्हतं."

दादाचा चेहरा बदलला. तो झपाट्यानं जिन्याकडे वळला. वर कठड्याशी वहिनी उभी होती. "खाली ये! ये म्हणतो ना! केसानं ओढत नेईन!" तो दोन पायऱ्या चढला. काका आडवे आले तर त्यानं प्लास्टरचा हातच त्यांच्या कानशिलावर हाणला. म्हातारा कोलमडून पत्र्यांच्या थप्पीवर पडला. त्याचं कपाळ फाटलं. मग मात्र पोरांनी काम टाकलं. चौघांनी दादाला धरून खाली ओढलं, कुणी पोटात गुडघा घातला, कुणी पाठीत कोपर, आणि तो फरशीवर आपटला तरी लाथा थांबेनात. प्लास्टरला तडा गेला. दादा ओरडला, "ठके!"

लहानपणी तो कधीच असा ओरडला नव्हता. सगळा मार मुकाट्यानं खायचा.

"पुरे!" ठकी ओरडली. जबड्यातून कळ डोक्यात गेली. ती त्याच्यावर पालथी पडली, तेव्हा कुठे लाथा थांबल्या. एक तिच्या पाठीतही बसली. त्याच्या अंगाला ग्रीसचा तोच जुना वास येत होता. ती क्षणभर तशीच राहिली. मग उठली, आणि पोलिसांना फोन तिनंच लावला.

त्यानंतरचं सगळं रखडत, पण झालं. काकांचं डोकं फोडल्यामुळे प्रकरण घरातलं राहिलं नाही. दादा काही महिने आत होता. मनगट पुन्हा पूर्ण वळलंच नाही. कंपनीनं त्याला ठेवलं, पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं काम गेलं. आता तो ऑफिसात तक्रारींचे फोन घेतो म्हणे. वहिनीला वेगळं होता आलं. ठकीकडे दादाचा नंबर आहे. ती तो लावत नाही, पुसतही नाही. रस्त्यात कुणी लिफ्टच्या कंपनीचा गणवेश घातलेला दिसला की तिचं पाऊल अडखळतं. आणि मग स्वतःचाच राग येतो.

वहिनीनं औषधांच्या दुकानाजवळ एक खोली घेतली. राहायला जायच्या आधी ती वर्कशॉपात खाली आली. "मला आतून लावायची कडी हवी. दुकानातली नको. खिळखिळी असते."

ठकीनं जाड सळई कापली, ती सरकायला पट्टीवर दोन वळी जोडली, सगळं घासून गुळगुळीत केलं. दुपारी जाऊन कडी दारावर बसवली. वहिनी आत उभी राहिली आणि म्हणाली, "तू बाहेर जा."

ठकी बाहेर गेली. आतून कडी खटकन लागली.

"ढकल," वहिनी म्हणाली.

ठकीनं हातानं ढकललं.

"तसं नाही. खांद्यानं ढकल. लाथ मार."

ठकीनं दोन पावलं मागे जाऊन खांदा दिला, मग लाथ घातली, मग पुन्हा खांदा. शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून बघायला लागला. दार जागचं हललं नाही. आतून वहिनीचं हसू ऐकू आलं. ठकीनं ते याआधी कधी ऐकलं नव्हतं. घोड्यासारखं खिंकाळत, दम लागेपर्यंत ती हसत होती.

"वहिनी, उघडा आता," ठकी खांदा चोळत म्हणाली.

"थांब जरा," वहिनी आतून म्हणाली. "मला आवडतंय."